बर्फ कधी घातलो?

मासळी घेताना आपल्याकडची माणसं कल्ला उघडून बघतात, पोटाला बोट लावतात आणि तरीही संशय राहिला तर विकणारीच्या तोंडाकडे बघतात. आमचे डॉक्टर माशाच्या डोळ्यात सुई घालायचे.

मालवणच्या बाजारात सकाळी सकाळी त्यांची स्कूटर यायची. अंगात पांढरा सदरा, कानामागे पेन्सिल, एका खिशात सिरिंज, दुसऱ्यात काचेचा थर्मामीटर. जनाबायच्या टोपलीपुढे ते उकिडवे बसत, एखाद्या सुरमईच्या डोळ्यातलं थेंबभर पाणी ओढून घेत, वहीत काहीतरी लिहीत आणि मासा परत टोपलीत ठेवत.

"ही आता कोण घेतलो रे, डाक्टरा?" जनाबाय विचारायची. ती त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, त्यामुळे तिच्या तोंडी अरे-तुरेच. "गिऱ्हाईक म्हणतला, हिका मोतीबिंदू झाललो काय?"

"ही कधी मेली तां सांग."

"माका काय म्हायत? मी तिच्या बाराव्याक जेवलंय नाय."

आजूबाजूच्या बायका हसायच्या. डॉक्टर हसायचे नाहीत. वहीत लिहायचे, 'विक्रेती सांगत नाही.'

किनाऱ्यावरच्या एका सरकारी इस्पितळात मी तेव्हा रक्त-लघवी तपासायला होते. इस्पितळाचं नाव सांगत नाही, कारण पुढे माझाच गाढवपणा यायचा आहे आणि त्याचं खापर इमारतीवर फुटायला नको. डॉक्टर तिथले थोरले. बाळंतपणं, विंचू, ताप सगळं बघायचे, आणि आसपासच्या गावांतली शवविच्छेदनंही त्यांच्याकडेच. कोणी बुडालेला, कोणी आंब्यावरून पडलेला. पोलिसांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कधी मेला?" आणि पुस्तकातलं उत्तरही ठरलेलं, "अंदाजे सहा ते चोवीस तास." या उत्तराची डॉक्टरांना शरम वाटे. म्हणायचे, "ह्यां उत्तर न्हय, ह्यां एसटीचा टायमटेबल."

म्हणून त्यांनी तो नाद लावून घेतला. मला समजावलं ते असं. माणूस जिवंत असतो तोवर डोळ्यामागच्या पडद्यातल्या पेशी आपलं पोटॅशियम आत डांबून ठेवतात. मेल्यावर दारावरचे राखणदार जातात आणि पोटॅशियम हळूहळू डोळ्यातल्या त्या काचेसारख्या पाण्यात पाझरायला लागतं. तास जातील तसं वाढत जातं. ते मोजलं की मागे जाता येतं. स्नायूंचंही तसंच, शेवटची शिदोरी संपते तेव्हा मांस आंबट होतं, मग ताठतं, मग सैल पडतं. "मेलेलो माणूस खोटा बोलणा नाय," ते म्हणायचे. "फक्त तो हळू बोलता. आपण थांबूक होया."

माणसं काही रोज मरत नव्हती. मासे रोज मरत. म्हणून बाजार.

बरं, हा माणूस मासे खायचा नाही. मसुऱ्याचा शेतकऱ्याचा मुलगा, सोवळ्याचा अजिबात नव्हे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ज्याच्या मरणाचो टायम माका ठाऊक, तेका मी कसो खाव?" लग्नाला गेले तर नवरीच्या गळ्यातला हार हुंगून सांगायचे, काल संध्याकाळी चारच्या आसपास गेलेला दिसतो. थंड चहा समोर आला तर शिपायाला, "हेका जावन वीस मिनटां झाली रे." पुढे पुढे त्यांना लग्नाची आमंत्रणं यायची ती फक्त पत्रिकेपुरती. या आणि जेवा असं तोंडाने कोणी म्हणेना.

आणखी एक. माया आली की ते मालवणीत बोलत आणि रागावले की शुद्ध मराठीत. सकाळी त्यांनी "आपण जरा इकडे येता का?" म्हटलं की सगळ्या इस्पितळाला एकदम कामं आठवत.

आता त्या वेळच्या माझ्याविषयी. माझी नात हल्ली माझा तेव्हाचा फोटो मोबाइलवर घालून मैत्रिणींना दाखवते आणि म्हणते, आजी काय रुबाबदार. रुबाबदार कसली, खळीचा कोट घालून फिरणारी छत्री होते मी. रत्नागिरीहून नुकती शिकून आलेले, वय तेवीस, मनगटावर भावाने दिलेलं घड्याळ, आणि जगात मोजता येत नाही ते खोटं असा ठाम समज. दशांशचिन्हानंतर तीन आकडे लिहायचे. कोणी "जेवलंस गो?" विचारलं तर "सुमारे पंचाऐंशी टक्के" असं सांगायचं तेवढं बाकी होतं.

पोटॅशियम मोजायचं यंत्र डॉक्टरांनी एका कॉलेजच्या अडगळीतून मागून आणलं होतं. स्वयंपाकाच्या गॅसवर चालायचं. त्यात पाण्याचा फवारा गेला की ज्योतीचा रंग बदलायचा आणि काटा हलायचा. आम्ही त्याला चूल म्हणायचो. सरकारी कामाचे नमुने रीतसर मोठ्या प्रयोगशाळेत जात. चुलीवरचे आकडे फक्त डॉक्टरांच्या वहीसाठी, बाहेर सांगायचे नाहीत, ही सक्त ताकीद. चूल पेटवायचा मान माझा. देवळात आरतीला उभी राहावी तशी मी तिच्यापुढे उभी राहायची.

एकदा जनाबायने डॉक्टरांशी पैज लावली. "ही सुरमय कधीची तां सांग. चुकलंस तर माझ्या जाग्यार बसान मासे इकूचे." डॉक्टरांनी डोळ्यातलं पाणी घेतलं, आम्ही चूल पेटवली, हिशेब मांडला. दुपारी डॉक्टर ऐटीत परत गेले. "आयज पहाटेची."

जनाबाय इतकी हसली की तिला पदर तोंडात घालावा लागला. "काल दुपारची. बर्फात पुरून ठेवललंय."

डॉक्टर पुढचा अर्धा तास टोपलीमागे बसले. सरकारी डॉक्टर "सुरमय, सुरमय" म्हणून पुटपुटतोय हे बघायला बंदरावरची माणसं वर आली. विकली एकही नाही, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला ते खरी वेळ सांगत होते. शेवटी जनाबायनेच त्यांना उठवलं आणि मासा उलटा करून दाखवला. "ह्यां बघ. बर्फाचे खडे टेकतत थंय असे खळगे पडतत. डोळो ताजो दिसता, पण आंग बघ कसा थंडगार. डोळो एक सांगता, आंग दुसराच सांगता. दोघांचा जमणा नाय तेव्हा समजाचा, बर्फातलो." डॉक्टरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी त्यांच्या मागे उभी होते. मला वाटलं, कोळणीचं काय एवढं लिहून घ्यायचं.

त्यानंतर काही महिन्यांनी आंगणेवाडीची जत्रा होती. आसपासचे सगळे पोलीस बंदोबस्ताला. त्या दिवशी तोंडवलीत एक माणूस सकाळी सातला आपल्याच विहिरीच्या चिऱ्याच्या पायऱ्यांशी पडलेला सापडला. डोक्याला मार. आदल्या संध्याकाळी त्याचं धाकट्या भावाशी जाळ्यावरून कडाक्याचं भांडण झालेलं, आणि सगळ्या वाडीदेखत धाकटा म्हणालेला, "दादा, तुका मी बघून घेतलंय." मग दिवेलागणीला तो पाच जणांबरोबर होडीने समुद्रावर गेला. होडी परत लागली पहाटे चारला. धाकटा अंधारात एकटाच चालत घरी आला, वाट विहिरीवरून. थोरल्याला जिवंत शेवटचं पाहिलं ते त्याच्या आईने, रात्री आठच्या जेवणाला.

म्हणजे प्रश्न एकच. तो रात्री पडला असेल, तर भाऊ समुद्रात होता, पाच साक्षीदार. पहाटे मेला असेल, तर भाऊ विहिरीपाशी होता, साक्षीदार कोणी नाही.

पोलीस जत्रेतून सुटून तोंडवलीला पोचले दुपारी तीनला. चारच्या पुढे प्रेत आमच्याकडे. डॉक्टरांनी आत जाऊन आधी डोळ्यातलं पाणी काढून माझ्या हातात दिलं आणि पुढच्या कामाला लागले. मी चूल पेटवली. काटा स्थिर झाला, मी तीन दशांशांपर्यंत आकडा घेतला, डॉक्टरांच्या तक्त्यात बसवला. बारा तास. म्हणजे पहाटे साडेचार.

तेवढ्यात दाराशी हवालदार आला. घामाघूम, पायावर जत्रेची धूळ. "काय मॅडम, मशीन काय सांगता?"

मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मॅडम म्हणत होतं.

"पहाटे साडेचार," मी म्हटलं. वर, "मशीन खोटं सांगत नाही," हेही म्हटलं. ते त्याने विचारलंही नव्हतं.

तासाभराने डॉक्टर हात धुऊन बाहेर आले. कपाळाला आठ्या. "गो, एक गंमत आसा. आंग वायटच थंड आसा, फेब्रुवारीच्या उन्हातून येवनसुद्धा. आणि मेल्यार पाठीर पडतत ते डाग निळसर नाय, गुलाबी..." मी त्यांना आकडा सांगितला. ते हात पुसता पुसता थांबले. "कोणाक सांगलंस?"

मी सांगितलं.

त्या संध्याकाळी धाकट्याला पोलिसांनी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर प्रयोगशाळेत आले ते शुद्ध मराठीत. "आपण किती दशांश लिहिलेत?"

"तीन, सर."

"त्यांतला एकही त्या मुलाच्या उपयोगाचा नाही." एवढंच. मी रडायच्या बेतात. मग त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "चल, बस स्कूटरीर."

आधी बाजार. डॉक्टर टोपलीपुढे उकिडवे बसले. "जनाबाय, एक सांग. डोळो म्हणता ताजो, आंग म्हणता शिळा. पाठीर बारीक बारीक खळगे."

जनाबायचा कोयता थांबला. तोंडवलीची बातमी तिला कळलेली होती. "मासो न्हय मां?"

"न्हय."

तिने कोयता टोपलीआड ठेवला. "बर्फातलो," मग हळू म्हणाली. "पण कोण सांगूचो नाय हां, डाक्टरा. माणसाक माशाच्या पेटयेत घातलो म्हणान कोण आपल्या तोंडान सांगात?"

तोंडवलीच्या त्या घरी खळ्यात म्हातारी आई एकटीच बसली होती. मुंबईहून आलेली मुलगी आत निजलेली. एका मुलाला अग्नी दिलेला, दुसरा पोलिसांकडे. डॉक्टर तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी कोट सावरत उभी. मी विचारलं असतं तर काय विचारलं असतं ते आता आठवूनही अंगावर काटा येतो. बहुतेक, "प्रेताचं तापमान कृत्रिमरीत्या कमी करण्यात आलं होतं का?"

डॉक्टरांनी काहीच विचारलं नाही. माडाकडे बघत म्हणाले, "माझी आवस गेली तेव्हा भाव मुंबयसून येवचो होतो. उन्हाळ्याचे दिवस. मी तिका बर्फात ठेवललंय. माशाच्याच पेटयेत. दुसरी खंयसून आणतलंय? लोक काय काय बोलले. मी म्हटलंय, बोलांदेत. भावाक तिचा तोंड बघूक गावला."

म्हातारीने मान वर केली.

"भयण येयसर तोंड बरा रवाक होया म्हणालो," ती म्हणाली. "धाकट्यानच घातल्यान. सकाळची आठाची एसटी गेली आणि घातल्यान. भुगो करून. पोलीस इले तेव्हा काढून पुसलाव. आंग लपवलाव म्हणान आमकाच धरतीत, असा वाटला."

"तोंडार?"

"तोंडार पयलो फडको घातल्यान. मगे बर्फ." तिने स्वतःच्या डोळ्यांवर हात धरून दाखवला. "दादाच्या डोळ्यांक लागात म्हणालो."

माझ्या कोटाला खळ होती, मला नव्हती. मी विहिरीकडे तोंड करून उभी राहिले. पायऱ्यांवर शेवाळ होतं, वरच्या पायरीवरून एक लांब घसरल्याची रेघ खाली गेलेली. ती काल सगळ्यांनी पाहिली होती. पण माझा आकडा सगळ्यांना जास्त सोपा वाटला होता. यंत्राने सांगितलेलं ना.

डॉक्टरांनी तिथेच वहीत हिशेब मांडला. गुलाबी डाग थंडीचेच. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत बर्फ, त्या वेळात पोटॅशियम जेमतेम पाझरलेलं. ते तास परत घालायचे तर मरणाची वेळ सरकत सरकत मागे जाते, रात्री नऊ ते बाराच्या मध्ये कुठेतरी. "नऊ की बारा?" मी विचारलं. सवय.

"नऊ ते बारा," ते म्हणाले. "टायमटेबल आसा. पण त्या सगळ्या टायमात पाच जण धाकट्याच्या वांगडा समुद्रात होते."

जाताना ते आणखी एक करून गेले. म्हातारीला म्हणाले, "ह्यां पोलिसांक सांगूचा लागतला. मी तुमच्या वांगडा बसान सांगतलंय. चूक आमच्या इस्पितळाची, तुमची न्हय." चूक माझी होती. त्यांनी 'आमच्या' म्हटलं. मला तो शब्द अजून टोचतो आणि अजून बराही वाटतो.

जबाब झाले, अहवाल गेला, होडीवरच्या पाच जणांना विचारलं, दुसऱ्या संध्याकाळी धाकटा सुटला. हवालदार मला त्यानंतर मॅडम म्हणाला नाही. बरं झालं.

पण ती स्कूटरची परतीची वाट सांगायची राहिली. डॉक्टरांनी स्कूटर मसुऱ्याकडे वळवली. "जेवन जावया," म्हणाले. मला वाटलं वहिनी असेल घरी. अंगणात एक ठेंगणी म्हातारी आमसुलं वाळत घालत होती. डॉक्टर तिला म्हणाले, "आये, ताट वाढ. दोघांक."

मी उंबऱ्यापाशीच थांबले. "सर, या तुमच्या..."

"आवस," ते म्हणाले. "चूप रव."

त्या बाईने बांगड्याचं तिखलं वाढलं. मासे न खाणारे डॉक्टर तीन बांगडे खाऊन उठले. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "आवशीच्या हातचो मासो मेललो नसता." ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "तेका फक्त कधीचे तां सांगूचा नाय गो. मगे खाता." आपल्याला सकाळी तोंडवलीत बर्फात घालून आलेत हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मेलेला माणूस खोटं बोलत नाही म्हणणाऱ्याने एकदाच मनापासून खोटं सांगितलं, तेही जित्या आईच्या जिवावर.

महिनाभराने धाकटा इस्पितळात आला, केळीच्या पानात एक सुरमई घेऊन. दाराशीच म्हणाला, "डाक्टरानू, बर्फ नाय घातलंय." डॉक्टरांनी मासा हातात घेतला, डोळा बघितला. सिरिंजला हात लावला नाही. "तुज्या सांगण्यार इस्वास," म्हणाले, आणि ती सुरमई मला देऊन टाकली. मी ती खाल्ली, शंभर टक्के.

त्या दिवसापासून आमच्याकडे प्रेत आलं की सरकारी कागदाच्या समासात डॉक्टर पेन्सिलीने एक शब्द लिहीत, 'बर्फ?' आणि प्रेताबरोबर आलेल्यांना आधी चहा देत, मग खालच्या आवाजात विचारत. पुढे पुढे तो शब्द मीच लिहून ठेवू लागले. दशांश मात्र एकावर आणले.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टर गेले, मसुऱ्यालाच. मुलगा पुण्याहून निघालेला. आजकाल काचेची थंड पेटी मिळते, ती आणली तर वीज गेली. जनाबाय आता नाही. तिच्या नातीला फोन केला. ती बंदरावरून टेम्पोत बर्फाच्या लाद्या घालून आली आणि कोणाला काही न विचारता फोडायला बसली.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा फाटका कागद घेतला, त्यावर 'बर्फ, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे' असं लिहिलं आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातलं. लिहायला पेन्सिल त्यांच्याच कानामागची घेतली होती, ती परत तिथेच खोचली.

जनाबायची नात बर्फाचं घमेलं घेऊन उशाशी आली. मी तिचा हात धरला, माझ्या पिशवीतला धुतलेला रुमाल काढला आणि आधी तो त्यांच्या तोंडावर घातला.

"ह्यो कित्या गो, मावशे?" तिने विचारलं.

"घाल आता," मी म्हटलं. "डोळ्यांक लागात."